धरलेली जागा

१

रविवार उजाडला की हनुमंत ओसाड पडलेल्या इमारती धुंडाळायला निघायचा. नायगावच्या एका कृषी सेवा केंद्रात तो कामाला होता. आठवडाभर बियाण्यांच्या पिशव्या आणि खताच्या गोण्या काढून द्यायच्या, गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून घ्यायची, आणि सुटीच्या दिवशी मोटारसायकलला किक मारून नांदेड नाही तर लातूरची वाट धरायची. लोक सुटीत सासुरवाडीला जातात आणि आमचे हनुमंतराव पडक्या जिनिंगला पाहुणे जातात, अशी दुकानातली पोरं त्याची चेष्टा करत. तोही हसून घेई. त्या चेष्टेत वाईटपणा नव्हता. त्याचा थोरला भाऊ शेषेराव तीन वर्षांपासून बेपत्ता आहे, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पोलिसांत तक्रार देऊन झाली, मोबाइलवर फोटो फिरवून झाला, जाणत्याकडं जाऊन प्रश्न लावून झाला. मग हनुमंतानं आपला साधा विचार केला. हरवलेला माणूस उन्हापावसात कुठल्या तरी छपराखाली जाणारच. त्याला आपलं छप्पर आठवत नसेल, तर ज्याला कुणी धनी नाही असं छप्पर तो गाठणार. म्हणून बंद सूतगिरणी, रेल्वेची मोडकी क्वार्टरं, अर्ध्यावर सोडून दिलेलं कॉम्प्लेक्स, असं एकेक तो बघत सुटला होता.

दादा कुठं सापडला नाही, पण माणसं मात्र पुष्कळ सापडली. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवून दुपारची गिरणीच्या सावलीला पडणारी. तीन कुत्र्यांना लेकरांच्या नावानं हाका मारणारी एक बाई. कुणी लेकानं काढलेला, कुणी दारूनं काढलेला, कुणी आपल्या पायानं निघालेला. सुरुवातीला हनुमंताला त्यांची भीती वाटे. पुढं कळलं की तेच आपल्याला जास्त भितात. मग त्यांच्या घरी जायची रीत तो शिकला. बाहेरूनच "हाय का कोण?" अशी हाक द्यायची. कुणाच्या तोंडावर बॅटरी मारायची नाही. अंथरलेल्या पोत्यावर चप्पल घेऊन जायचं नाही. आणि कुठं नुसती दस्ती पसरलेली दिसली, तर तिला हात लावायचा नाही.

ही शेवटची गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागली नव्हती. एसटीच्या खिडकीतून दस्ती आत टाकून जागा धरणारा हा मुलूख. हातभर रुमाल तो काय, पण गाडी खच्चून भरलेली असली, माणूस एका पायावर लोंबकळत असला, तरी धरलेल्या जागेवर दुसरा बसत नाही. दस्ती ज्याची, जागा त्याची. ती उचलायची त्यानंच, आणि उचलली की तिथं बसायचं त्यानंच.

२

शेषेराव हरवला ती हकिकत हनुमंतानं इतक्यांदा सांगितली होती, की ती आता दुसऱ्याच कुणाच्या घरची वाटायची. लातूर रस्त्यावर लिंबाळा फाटा आहे. तिथला स्टँड तेव्हा चालू होता. मावसबहिणीचं लग्न उरकून माय आणि हे दोघं भाऊ परत निघाले होते. लग्नसराईची गर्दी, त्यात मायचे गुडघे धरलेले. दादानं आपली दस्ती काढली, हनुमंताच्या गळ्यातली निळ्या चौकटीचीही ओढून घेतली आणि म्हणाला, तुम्ही चहा पिऊन या, मी आत जाऊन मायला जागा धरतो.

ते चहा पिऊन आले तर दादा बाकावर स्वतःच बसलेला. अंगाखाली त्याची दस्ती, मांडीवर हनुमंताची. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. मायला चढव, मी आलोच, असं दादा बसल्या जागेवरून म्हणाला. हनुमंतानं मायला रेटून गाडीत चढवलं आणि मागं वळून पाहिलं. बाकावर दादा नव्हता आणि दस्त्याही नव्हत्या.

माझ्यासाठी जागा धराया गेला माझा शेषेराव, हे वाक्य माय तेव्हापासून रोज म्हणत होती. मायला, म्हणजे रुक्मिणबाईंना, दोन लेक होते, पण जीव पहिल्यापासून थोरल्यावर. ते काही लपून नव्हतं आणि हनुमंताला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं; दादा होताच तसा, कुणाचाही जीव जडावा असा. पण तो गेल्यापासून माय धाकट्याकडं बघेनाशीच झाली. तो रविवारी संध्याकाळी दमून घरी आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, मिळाला का? नाही म्हटलं की ती तोंड फिरवून दाराकडं बघत बसायची.

दादा सापडावा असं हनुमंताला मनापासून वाटे. आणि त्याच्याच आड आणखी एक वाटणं होतं, ज्याची त्याला लाज वाटायची. दादाला आपण हाताला धरून घरी आणलं, तर माय एकदा तरी आपल्याकडं डोळे भरून बघेल. तीन वर्षं तो त्या एका नजरेसाठी पेट्रोल जाळत होता.

३

त्या रविवारी सकाळी त्याची फक्त रविवारी गाडीवर घ्यायची दस्ती सापडेना. दांडीवर नाही, खुंटीवर नाही, गाडीच्या डिकीत नाही. दस्त्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून त्याच्या बायकोनं, अंबिकानं, तिच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे टाके घातले होते. त्या टाक्यांवरून गल्लीतल्या बायकांनी तिला पुष्कळ चिडवलंही होतं. अंबिकानं घर उलथंपालथं केलं. वाऱ्यानं गेली असेल, नाही तर मामींनी कुठं ठेवली असेल, असं ती म्हणाली. सासूला ती मामी म्हणे. मामी चुलीपुढं बसून होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

शेवटी सहा वर्षांची पुनम शाळेचा रुमाल घेऊन आली. गुलाबी, त्यावर बदकाचं चित्र. बाबा, माझी दस्ती घ्या, पण हरवायची नाही, असं बजावून तिनं तो स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात कोंबला.

निघताना मायनं पिशवी दिली. दर रविवारी ती भाकरीची दोन फडकी बांधायची, एक हनुमंताचं आणि एक शेषेराव भेटला तर त्याचं. आज एकच होतं. त्याच्याखाली हनुमंताचा चांगला पांढरा सदरा घडी घालून ठेवला होता. हा कशाला, त्यानं विचारलं. दादाच्या अंगावर धड कपडा असेल का, माय म्हणाली. हे खरंच होतं. पण तीन वर्षांत तिला कपडा आजच कसा सुचला, असं त्याच्या मनात येऊन गेलं. भाकर एकाचीच का, हे विचारायचं राहिलं.

"आज जुन्या स्टँडवर बघ," माय म्हणाली.

लिंबाळा फाट्याला बायपास झाल्यापासून तो स्टँड बंद पडला होता. हनुमंत तिथं इतक्यांदा जाऊन आला होता, की कुठल्या खिडकीला गज नाही हे तो डोळे झाकून सांगू शकला असता. शेळ्या आणि पत्ते खेळणारे, यांच्याशिवाय तिथं कुणी नसे. तसं तो म्हणालाही.

"आज बघ," ती पुन्हा म्हणाली. मग तिनं पुढं होऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली आणि त्याच्याकडं बघत राहिली. डोळे भरून बघत राहिली. हनुमंत सुखावला, आणि लगेच कावराबावरा झाला. इतक्या वर्षांनी मिळालेल्या त्या नजरेपुढं कुठं बघावं हे त्याला कळेना.

गाडी नांदेडच्या पुलावर येईपर्यंत तो खुशीत होता. मग एक बारीकशी गोष्ट टोचू लागली. मागल्या बुधवारी माय डोळे दाखवायला म्हणून एकटीच नांदेडला गेली होती. गुडघ्यांमुळं देवळापर्यंत न जाणारी बाई. परत आली तेव्हा औषधाची बाटली नव्हती, आणि तिच्या चपलांना गावाकडची काळी माती नव्हती, पांढरा चुना होता. दवाखान्यात रंगकाम चालू असेल, असं म्हणून त्यानं तो विषय तेव्हाच सोडला होता. आत्ताही त्यानं तेच म्हटलं आणि गाडी लातूर रस्त्याला घातली.

४

फाट्यावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टँडसमोरच्या टपऱ्या केव्हाच बायपासला गेल्या होत्या. फलाटांवरच्या पाट्यांची अक्षरं उडाली होती. एका पाटीवर 'नां' उरला होता, बाकीचं गाव गंजून गेलं होतं. हनुमंतानं गाडी लिंबाच्या सावलीला लावली, किल्ली गाडीलाच राहू दिली आणि पिशवी घेऊन आत शिरला.

"हाय का कोण?" त्यानं रीतीप्रमाणं हाक दिली.

उत्तर आलं नाही. आज शेळ्याही नव्हत्या. आणि छताच्या तुळईवर नेहमी घुमणारी कबुतरं होती तिथंच होती, पण घुमत नव्हती. उन्हाचा तडाखा, पाखरंसुद्धा गप पडतात, असं त्यानं मनाशी म्हटलं. चौकशीच्या खिडकीपुढून तो गेला. आरक्षणाची खोली उघडी होती, आत खुर्चीचा सांगाडा. भिंतीचा चुना पोपडे धरून जमिनीवर पडला होता, आणि चालताना तो चपलेला लागत होता. पांढरा चुना. हनुमंत थबकला, चपलांकडं बघितलं आणि पुढं झाला.

मग खरखर ऐकू आली. गाडी लागायच्या आधी भोंग्यातून यायची तशी, कुणी माईक तोंडाजवळ घेतल्यासारखी. त्यानं वर पाहिलं. भोंगा खांबावर होता, पण त्याची वायर कुणी तरी कधीच कापून विकली होती. तिचं तुटकं टोक खाली लोंबत होतं. वाऱ्यानं पत्रा वाजला असेल. वारा नव्हता, हे त्याला कळत होतं, तरी त्यानं तसं ठरवलं आणि प्रतीक्षालयाच्या दारात गेला.

५

आत माणसं बसली होती.

प्रतीक्षालयातले सिमेंटचे बाक भरले होते. बाया होत्या, बापे होते, एक धोतरातला म्हातारा, एक इस्त्रीच्या पँटीतला तरणा. सगळ्यांची तोंडं फलाटाकडं. प्रत्येकाच्या पायाशी बोचकं. कुणी बोलत नव्हतं आणि कुणी झोपलंही नव्हतं. हनुमंतानं इतक्या वर्षांत खूप बेघर माणसं पाहिली होती. ती पडलेली असतात, खाजवतात, खोकतात, भांडतात, पोट भरलेलं असलं तर गाणी म्हणतात. ही नुसती बसली होती.

दाराजवळच्या बाकावर एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं गोंदण. तिनं मान न वळवता विचारलं, "कुठली गाडी बघायलास, बाबा?"

गाडी नाही, भाऊ शोधतोय, असं हनुमंतानं सांगितलं आणि मोबाइलवरचा फोटो तिच्यापुढं धरला. तिनं फोटोकडं पाहिलं नाही. बसून घे, दमला असशील, म्हणाली. पण रिकामी जागा कुठं दिसत नव्हती. प्रत्येकाच्या अंगाखाली काही तरी पसरलेलं होतं. कुणाच्या दस्ती, कुणाच्या टॉवेल, म्हातारीच्या अंगाखाली तिच्याच लुगड्याचा हिरवा तुकडा. जागा धरून बसलेली माणसं. बंद स्टँडवर जागा धरायची सवय जात नाही लोकांची, असं वाटून त्याला हसू आलं.

ते हसू लगेच मावळलं. इस्त्रीच्या पँटीतल्या तरण्याच्या खांद्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीनं जड झालेलं, अखंड. त्या माणसाच्या छातीचा भाता मात्र हळूहळू हलत होता. हनुमंतानं खाली बघितलं. फरशीवरच्या धुळीत त्याच्या एकट्याच्या चपलांचे ठसे उठले होते. शिवाय थोडे जुने, बारीक पावलांचे, एक पाय ओढत चालणाऱ्या माणसाचे.

"मावशी, कधीपासून हाव तुमी इथं?"

"लेकानं जागा धरली तवापासून," म्हातारी म्हणाली. बोलताना ती लुगड्याच्या तुकड्याची चुणी नीट करत होती. "माझ्याच लुगड्याचा फाडून आणला त्यानं. दुसऱ्याला कुठून मिळणार? आपली दस्ती आपल्याच माणसाच्या हाताला लागती, बाबा."

घरच्यांनी इथं आणून सोडलंय बिचारीला आणि डोक्यावर परिणाम झालाय, असं हनुमंतानं समजून घेतलं. असली माणसं त्यानं पाहिली होती. त्याला तिच्या लेकाचा राग आला. आईला असं टाकून कसं जाववतं माणसाला, तो मनात म्हणाला. आणि तेवढ्यात मागल्या बाकावर त्याला दादा दिसला.

६

दाढी छातीपर्यंत आली होती, सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या, पण बसायची ढब तीच, एक खांदा किंचित वर.  हनुमंत बाकांमधून कसा गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. दादा, म्हणून त्यानं त्याचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडला. तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. गाडीखर्च, पोरांची चेष्टा, मायचं फिरवलेलं तोंड, सगळं. दादाचे हात थंड होते, पण आडवाटेच्या सावलीतल्या दगडासारखे, मेलेल्या माणसासारखे नाही.

"आलास," दादा म्हणाला. "बस की."

दादाच्या शेजारी एक जागा होती. तिथं दस्ती पसरलेली होती, म्हणून हनुमंत उभाच राहिला.

"कुणी तरी धरलीय, दादा. चल, आपण घरी जाऊ."

"तुझीच हाय," दादा म्हणाला.

हनुमंतानं वाकून पाहिलं. दस्तीच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे टाके होते. अंबिकाचेच, एक टाका चुकून तिरपा गेलेला. सकाळपासून शोधत असलेली वस्तू एकदम समोर आली की माणूस आधी ती उचलतो आणि विचार मागून करतो. घाम डोळ्यांत उतरला होता, पाय दोन तासांच्या गाडीनं आंबले होते. त्यानं दस्ती उचलली, तोंड पुसलं, मान पुसली, झटकून पुन्हा पसरली आणि खाली बसला. एसटीत आयुष्यभर केलं होतं तसंच, काही मनात न आणता.

बसल्यावर मग त्याला प्रश्न पडला.

"ही इथं कशी आली?"

दादा फलाटाकडंच बघत होता. "माय आली व्हती बुधवारी," तो म्हणाला. "मीच निरोप धाडला व्हता तिला."

 कुणाजवळ निरोप दिला, कसा दिला, हे हनुमंताच्या तोंडावर आलं आणि तिथंच विरलं. त्याला चुलीपुढं न बोलता बसलेली माय दिसली. एकच भाकरीचं फडकं दिसलं. पांढरा सदरा, चुन्यानं भरलेल्या चपला, धुळीतली ओढत गेलेली पावलं. आणि त्याच्या तोंडावरून फिरलेला तिचा हात. त्या नजरेनं तो नांदेडच्या पुलापर्यंत खुशीत आला होता. कुणी आपल्या लेकराकडं असं का बघतं, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

"दादा, मायला ठावं व्हतं?"

शेषेराव उभा राहिला. उठताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज सगळ्या प्रतीक्षालयात ऐकू गेला. त्याच्या पाठीमागचं जाळं तुटून खाली लोंबलं. त्यानं हनुमंताच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, सदरा काढून अंगात घातला आणि गुंड्या लावल्या. फडकं सोडून भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. खाता खाता त्याचे डोळे भरून आले. मायच्या हातची हाय, असं तो म्हणाला.

"मी तुला न्यायला आलतो," हनुमंत म्हणाला. "तीन वर्षं हुडकलं तुला."

"ठावं हाय मला. तू किती बारी आलास ते समदं दिसायचं इथून." शेषेरावानं आपल्या जागेवरची दस्ती उचलून खांद्यावर टाकली. "मी हाका मारायचो. मग थकलो रे."

तो दाराकडं चालू लागला. दारात ऊन होतं, त्या उन्हात तो क्षणभर थांबला. आता वळून बघेल असं हनुमंताला वाटलं. पण त्यानं नुसती सदऱ्याची कॉलर नीट केली. मग लिंबाखालून मोटारसायकलचा आवाज आला.

७

ऊठ, हनुमंतानं स्वतःला सांगितलं. गाडी रस्त्याला लागायच्या आत पळत गेलं तरी गाठता येईल. कुणी बांधलेलं नाही, धरलेलं नाही. पाय जमिनीवर आहेत. ऊठ.

त्यानं हात बाकावर टेकले, आणि एक विचार मनात आला: उठलो तर जागा जाईल. इतका नेहमीचा, इतका घरगुती विचार, की तो आपला नाही हे कळायला त्याला वेळ लागला. त्यानं पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. गर्दीच्या गाडीत मिळालेली जागा सोडवत नाही तसं त्याचं अंगच बाक सोडेना.  मोठ्यानं हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि दादाही असंच करत होता हे आठवून मिटलं.

फोन वाजला. अंबिकाचं नाव बघून त्याला इतका धीर आला की हातातून फोन निसटता निसटता राहिला.

"अहो, कुठं हाव तुमी?" ती म्हणाली. "दादा आलेत. तुमची गाडी घेऊन, तुमचा सदरा घालून. मामी ओवाळायल्यात त्यांना. तुमी मागून यायलाव का?"

हनुमंतानं दाराकडं बघितलं. दादा गेला त्या वेळचा उन्हाचा पट्टा अजून त्याच फरशीवर होता. गाडीचा आवाज अजून पुरता विरला नव्हता.

"अंबिका, नीट ऐक. लिंबाळ्याच्या जुन्या स्टँडवर ये. एकटी येऊ नको, चार माणसं घेऊन ये. माझी दस्ती मायनं—"

मागून मायचा आवाज आला. तीन वर्षांत हनुमंतानं ऐकला नव्हता असा भरलेला, सुखाचा आवाज. "कुणाला फोन लावलास गं? घरची समदी घरात हायत की."

फोनमध्ये भांड्यांचा आवाज येत होता, पुनम कुणाला तरी काही दाखवत होती.  मग अंबिका बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. चुकून लागलेल्या फोनवर परक्या माणसाशी बोलावं तितका नरम.

"हॅलो, कोण बोलायलंय?" तिनं विचारलं. "कोण पायजे तुमाला?"

त्यानं आपलं नाव सांगितलं. ते सांगेपर्यंत फोन ठेवलेला होता.

हनुमंत खूप वेळ फोनकडं बघत बसला. परक्या माणसानं गळा कापला असता तर त्यानं शिव्या दिल्या असत्या. आपल्या मायला काय म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोन लेकांतला एक निवडायला लागला तेव्हा तिला रात्रभर झोप आली नसेल, अशी तो तिच्या बाजूनं मनातल्या मनात वकिली करू लागला. मग त्याला आठवलं की बुधवारी रात्री माय गाढ झोपली होती. घोरत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा झोप लागली म्हणून त्यानंच पंखा तिच्याकडं फिरवला होता.

८

फोन खिशात ठेवताना बोटांना मऊ काही तरी लागलं. पुनमचा रुमाल. गुलाबी, बदकाचा. त्यानं तो बाहेर काढला.

शेजारची जागा, दादाची, मोकळी पडली होती. तिथल्या धुळीत एक चौकोन स्वच्छ राहिला होता. रुमाल पसरला तर पसरायला पुरेशी जागा होती. हे आपल्या का ध्यानात आलं, असं वाटून हनुमंतानं रुमाल मुठीत आवळला.

"घरी लेकरू हाय का?" पुढल्या बाकावरून म्हातारीनं विचारलं. तिनं पहिल्यांदाच मान वळवली होती. तिच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. लग्नघरी शेजारी बसलेली बाई विचारते तसंच तिनं विचारलं.

हनुमंत उत्तर द्यायला गेला आणि त्यानं ओठ घट्ट मिटले. मग रुमालाची कड दातात धरून त्यानं तो टरकन फाडला. पुन्हा फाडला. बदकाची मान एकीकडं, पाय एकीकडं. कुणालाही, कधीही पसरता येणार नाही इतक्या बारीक चिंध्या होईपर्यंत तो फाडत राहिला. फाडताना तो रडत होता आणि त्याला बरंही वाटत होतं. मायला जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, असं त्याला वाटत होतं. चिंध्या त्यानं पायाशी टाकून दिल्या.

म्हातारी त्या चिंध्यांकडं बघत राहिली.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "पहिल्या दिशी समदीच फाडतात. तुझ्या दादानं बी फाडली व्हती की. त्याच्या मांडीवर व्हती ती."

हनुमंत वाकला. दादाच्या जागेखाली, बाकाच्या आणि भिंतीच्या सांदीत, धुळीनं माखलेले कापडाचे तुकडे पडले होते. त्यानं एक ओढून काढला आणि झटकला. निळ्या चौकटी होत्या, त्याच्याच गळ्यातल्या. दोन तुकडे एका कडेनं जोडायला घेतलेले होते, दाढीच्या केसानं घातलेल्या टाक्यांनी, आणि शिवण अर्ध्यावर सोडलेली होती.

वरच्या भोंग्यात खरखर झाली. सगळ्यांनी आपापली बोचकी उचलून मांडीवर घेतली आणि फलाटाकडं पाहिलं. हनुमंतानंही खाली हात घातला, पुनमच्या रुमालाच्या चिंध्या गोळा केल्या आणि मांडीवर घेतल्या.